मिथेनचा कोन कोणी मोजला? पाठ्यपुस्तकातल्या एका तक्त्याचा इतिहास

अकरावीच्या रसायनशास्त्रात रासायनिक बंधाचं प्रकरण आलं की एक तक्ता हमखास येतो. मध्यवर्ती अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या असतील तर रेणू सरळ रेषेत, तीन असतील तर सपाट त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक, पाच असतील तर त्रिकोणी द्विपिरॅमिड, सहा असतील तर अष्टफलक. शेजारच्या रकान्यात कोन दिलेले असतात. मिथेनचा १०९.५ अंश, अमोनियाचा साधारण १०७, पाण्याचा १०४.५. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतात, परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न येतो, दोन गुण मिळतात आणि पुढचं प्रकरण सुरू होतं.

एनसीईआरटीच्या पुस्तकात या तक्त्याच्या आधी एका वाक्यात चार नावं येतात: १९४० साली सिजविक आणि पॉवेल, १९५७ साली नायहोम आणि गिलेस्पी. परीक्षेपुरतं तेवढं पुरेसं आहे. पण तुम्ही संशोधनाकडे वळण्याच्या तयारीत असाल, तर याच वाक्यावर थोडं थांबा. रेणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मग त्याला आकार असतो असं म्हणायचा अधिकार रसायनशास्त्रज्ञांना कुठून मिळाला? आणि कोन मोजण्याचं साधन हातात नसताना मिथेन चतुष्फलकासारखा आहे हे कसं ठरलं?

माझा पीएचडीचा विषय विज्ञानशिक्षणाच्या इतिहासाशी जोडलेला असल्यामुळे अशा ‘तयार’ नियमांच्या मागे जाणं हे माझं रोजचं काम आहे. मागे गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. आज आपण ज्याला माहिती म्हणतो, ते कधीकाळी कोणाचं तरी गृहीतक होतं. त्याला विरोध झाला होता, त्याच्याकडे पुरावा अपुरा होता, आणि तो पुरावा कसा उभा करायचा हे कोणाला तरी शोधून काढावं लागलं होतं. रेणूच्या आकाराची गोष्ट यासाठी फार चांगली आहे, कारण इथला पहिला पुरावा कोणत्याही यंत्रातून आलेला नाही. तो मोजदादीतून आला. ‘किती प्रकारचे पदार्थ सापडतात’ आणि ‘किती सापडत नाहीत’ एवढंच मोजून.

रंग बरोबर, आकार चूक

सुरुवात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधून करू. एप्रिल १८६५ मध्ये तिथे ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक व्याख्यान दिलं. रेणू कसे जुळतात हे श्रोत्यांना दाखवण्यासाठी त्याने क्रोके या खेळातले लाकडी चेंडू रंगवून आणले होते आणि ते नळ्या-काड्यांनी एकमेकांना जोडले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या मॉडेल किटमध्ये आजही साधारण हेच रंग असतात. 

पण हॉफमनच्या मिथेनमध्ये चार पांढरे चेंडू काळ्या चेंडूभोवती एकाच पातळीत होते, अधिकच्या चिन्हासारखे. म्हणजे रंगांची पद्धत टिकली आणि आकार मात्र चुकीचा निघाला. यात हॉफमनला नावं ठेवण्यासारखं काही नाही. त्याला आकार दाखवायचाच नव्हता. कार्बन चार अणूंना धरतो, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन एक, एवढा संयुजेचा हिशेब त्याला दाखवायचा होता. प्रतिकृती नेहमी एखाद्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनवलेली असते. तिला भलताच प्रश्न विचारला की ती भलतंच उत्तर देते. दहावीच्या वहीत आपण मिथेन अधिकच्या चिन्हासारखा काढतो, तेव्हा आपणही संयुजाच दाखवत असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा अकरावीत जाईपर्यंत ते चित्रच ‘रेणूचा आकार’ म्हणून डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, केकुलेने कार्बनचे चार हात अवकाशात चार दिशांना पसरलेले दाखवणारी प्रतिकृती बनवली. म्हणजे चतुष्फलक हातात आला होता. तरीही त्यातून कोणी निष्कर्ष काढला नाही. वस्तू समोर असणं आणि तिला नेमका प्रश्न विचारता येणं यांत पुष्कळ अंतर असतं.

न सापडलेल्या पदार्थाचा पुरावा

हा प्रश्न विचारला तो बावीस वर्षांच्या एका डच तरुणाने. याकोबुस हेन्रिकुस वान्ट हॉफ हा काही काळ बॉनला केकुलेकडे शिकला होता, नंतर पॅरिसला व्युर्ट्झच्या प्रयोगशाळेत राहिला होता. सप्टेंबर १८७४ मध्ये त्याने डच भाषेत एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यातला युक्तिवाद इतका साधा आहे, की तुम्ही तो आत्ता घरी करून बघू शकता. कणकेचे गोळे आणि काडेपेटीच्या काड्या घ्या.

आधी सपाट मिथेन बनवा: मध्ये एक गोळा, त्याला चौरसाच्या चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या चार काड्या. आता दोन टोकांना हायड्रोजन आणि दोन टोकांना क्लोरीन लावा. हे किती प्रकारे लावता येईल? दोन प्रकारे. दोन्ही क्लोरीन शेजारी-शेजारी, किंवा समोरासमोर. म्हणजे मिथेन खरंच सपाट असता, तर डायक्लोरोमिथेन नावाचे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवे होते. सूत्र एकच, पण उत्कलनबिंदू वेगळे, गुणधर्म वेगळे. रसायनशास्त्रात यांना समघटक म्हणतात.

आता तीन काड्या तिपाईच्या पायांसारख्या खाली आणि चौथी सरळ वर अशी रचना करा. हा चतुष्फलक. इथे दोन क्लोरीन कुठेही लावा, फिरवून पाहिलं की रचना एकच निघते. कारण चतुष्फलकात प्रत्येक टोक बाकीच्या तिन्ही टोकांचं शेजारीच असतं, ‘समोर’ असं काही नसतंच. आणि प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच मिळत होता.

इथपर्यंत युक्तिवाद ‘न सापडलेल्या’ पदार्थावर उभा आहे. पण वान्ट हॉफ तेवढ्यावर थांबला नाही. कार्बनच्या चारही टोकांना चार वेगवेगळे गट लावले तर काय होतं? सपाट रचनेत तीन समघटक मिळतात आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत जुळतो. चतुष्फलकात मात्र दोनच मिळतात, आणि ते एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. उजवा हात आणि डावा हात यांसारखे, कितीही फिरवले तरी एकमेकांवर न बसणारे.

आणि असे जोडीदार पदार्थ माहीत होते! १८४८ मध्ये लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक हाताने निवडून दोन ढीग केले होते. एका ढिगाचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवत होतं, दुसऱ्याचं तेवढीच डावीकडे. रेणूंच्या रचनेतच कुठेतरी उजवं-डावं असणार हे पाश्चरला कळलं होतं, पण ते कुठे हे सांगता येत नव्हतं. १८७३ मध्ये विस्लिसेनुसने लॅक्टिक आम्लांवरच्या कामातून म्हटलं, की यांतला फरक अणूंच्या अवकाशातल्या मांडणीतच असला पाहिजे. वान्ट हॉफने ती जागा बोट ठेवून दाखवली: चार वेगवेगळे गट धरलेला कार्बन. लॅक्टिक आम्लात तो आहे, टार्टारिक आम्लात आहे. 

गंमत म्हणजे त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, ल बेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे जवळपास हाच निष्कर्ष मांडला. तो पाश्चरच्या सममितीच्या विचारातून आला होता, वान्ट हॉफ केकुलेच्या संयुजेतून. दोघंही काही काळ व्युर्ट्झच्याच प्रयोगशाळेत होते. एकाच निष्कर्षाकडे दोन वेगळ्या वाटांनी पोहोचता आलं की त्या निष्कर्षाचं वजन वाढतं. आपल्या प्रबंधातही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ज्येष्ठांचा राग

१८७५ मध्ये वान्ट हॉफचं म्हणणं फ्रेंचमध्ये आलं आणि १८७७ मध्ये विस्लिसेनुसच्या प्रस्तावनेसह जर्मनमध्ये. आणि मग हेरमान कोल्बे खवळला. कोल्बे हा त्या काळातला मोठा रसायनशास्त्रज्ञ आणि एका प्रतिष्ठित जर्मन नियतकालिकाचा संपादक. वान्ट हॉफ तेव्हा उट्रेख्तच्या पशुवैद्यक विद्यालयात नोकरीला होता. कोल्बेने छापील लेखात त्याच्या कल्पनेची खिल्ली उडवलीच, शिवाय हा पशुवैद्यक शाळेतला माणूस रसायनशास्त्राबद्दल काय बोलणार, असा सूरही लावला.

ही गोष्ट सांगताना कोल्बेला खलनायक करून टाकणं सोपं आहे. पण त्याचा मूळ आक्षेप संशोधकाने ऐकून घेण्यासारखा आहे. न दिसणाऱ्या अणूंची अवकाशातली जागा सांगणं म्हणजे विज्ञान सोडून कल्पनेच्या भराऱ्या मारणं, असं त्याला वाटत होतं. रसायनशास्त्र अशा भराऱ्यांतून मोठ्या कष्टाने बाहेर आलंय, पुन्हा तिकडे जाऊ नका, ही त्याची भीती होती. चूक कुठे झाली? त्याने युक्तिवादाऐवजी माणसाच्या नोकरीवर बोट ठेवलं, आणि या ‘कल्पने’तून तपासता येण्याजोगी भाकितं निघतात हे बघितलंच नाही.

भाकितं तर निघत होती. वान्ट हॉफच्या मते, चार वेगळे गट धरणारा कार्बन ज्यात नाही असा साधा पदार्थ प्रकाशाची पातळी फिरवणार नाही. बर्थेलोने स्टायरीनचा अपवाद पुढे केला. वान्ट हॉफने तो तपासला आणि दाखवलं, की पातळी फिरवणारं स्टायरीन नव्हे, त्यातली भेसळ होती. दुसरं भाकीत ॲलीन वर्गातल्या रेणूंबद्दल होतं. योग्य गट लावले तर त्यांनाही उजवं-डावं रूप असायला हवं, तेही चार वेगळे गट धरणारा कार्बन नसताना. ते प्रयोगाने सिद्ध व्हायला १९३५ साल उजाडलं. साठ वर्षं! 

१९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल वान्ट हॉफला मिळालं. तेही चतुष्फलकासाठी नाही, तर अभिक्रियांचा वेग आणि परासरण दाब यांवरच्या कामासाठी.

‘सापडत नाही’ ही दुधारी तलवार

आता इथे एक शंका यायला हवी. डायक्लोरोमिथेनचा दुसरा समघटक सापडला नाही म्हणून तो नसतोच, असं कसं म्हणता येईल? उद्या सापडला तर? संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नव्हे’ असं आपण लिहितो. ते इथे खरोखर कसाला लागलं, ते आल्फ्रेड वेर्नरच्या बाबतीत.

१८९३ मध्ये सव्वीस वर्षांच्या वेर्नरने धातूंच्या जटिल संयुगांबद्दल एक सिद्धांत मांडला. कोबाल्टसारख्या धातूभोवती सहा गट असतात आणि ते अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसतात, असं त्याचं म्हणणं. पद्धत वान्ट हॉफचीच होती, मोजदाद. कोबाल्टभोवती चार अमोनिया आणि दोन क्लोरीन असतील तर सपाट षटकोनात तीन समघटक निघतात, त्रिकोणी प्रिझममध्येही तीन, अष्टफलकात मात्र दोनच: दोन क्लोरीन शेजारी किंवा समोरासमोर.

पण या अमोनिया मालिकेत फक्त हिरवा पदार्थ माहीत होता. जांभळा जोडीदार कुठेच नव्हता. अमोनियाऐवजी एथिलीनडायअमीन वापरलं की हिरवा आणि जांभळा असे दोन्ही मिळत. डेन्मार्कच्या योर्गेनसेनने, ज्याच्या वर्षानुवर्षांच्या बारकाईच्या प्रयोगांवरच वेर्नरचा सिद्धांत उभा होता, त्याने याचा वेगळा अर्थ लावला: रंगातला फरक एथिलीनडायअमीनमुळे आहे, अवकाशातल्या मांडणीमुळे नाही. तुमचा सिद्धांत खरा असेल तर अमोनियाचा जांभळा पदार्थ दाखवा.

बघा, एकच प्रकारचा पुरावा आहे. वान्ट हॉफसाठी ‘सापडत नाही’ हे बाजूने होतं, वेर्नरसाठी तेच चौदा वर्षं विरुद्ध होतं. १९०७ मध्ये वेर्नरला तो जांभळा पदार्थ तयार करता आला आणि योर्गेनसेनने आपला विरोध मागे घेतला. 

तरी वेर्नर थांबला नाही. न सापडण्यावर अवलंबून नसलेला, समोर ठेवता येईल असा पुरावा त्याला हवा होता. अष्टफलक खरा असेल तर काही कोबाल्ट संयुगांना आरशातली जोडी असायलाच हवी. १९११ मध्ये त्याच्या झ्युरिकच्या प्रयोगशाळेत अशी जोडी वेगळी करण्यात आली. तरी कोणी म्हणेल, त्यात कार्बन आहे, प्रकाशाची पातळी कार्बनमुळे फिरत असेल. म्हणून १९१४ मध्ये त्याने कार्बनचा एकही अणू नसलेल्या कोबाल्ट संयुगाचीही उजवी-डावी रूपं वेगळी करून दाखवली. दरम्यान १९१३ चं नोबेल त्याला मिळालेलं होतं. पुरस्कार मिळाल्यावरही शेवटची शंका मिटवायला तो प्रयोगशाळेत परत गेला, ही गोष्ट मला त्या पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

याच काळात क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना वाचता येऊ लागली. १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी हिऱ्याची रचना उलगडली. प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन, चतुष्फलकाच्या टोकांवर. मोजदादीतून काढलेला आकार एकोणचाळीस वर्षांनी यंत्रातून दिसला.

‘कसा आहे’ वरून ‘का आहे’ कडे

आता संशोधन प्रश्न बदलतो. आकार असतो हे मान्य झालं, पण तो तसाच का असतो? १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईसने इलेक्ट्रॉन जोडीने बंध तयार होतो ही कल्पना मांडली. आपण काढतो त्या ठिपक्यांच्या आकृत्या त्याच्या. १९३१ मध्ये लायनस पॉलिंगने पुंजयामिकीच्या आधारे संकरण मांडलं. कार्बनची एक एस आणि तीन पी कक्षकं मिसळून चार सारखी कक्षकं होतात आणि ती चतुष्फलकाच्या दिशेने असतात.

संकरण समर्थ होतं, पण वर्गात ते शिकवताना एक चक्र तयार होतं, आजही होतं. पाण्यात ऑक्सिजनचं संकरण कोणतं? एसपी३. कशावरून? कोन चतुष्फलकाच्या जवळचा आहे म्हणून. आणि कोन चतुष्फलकाच्या जवळचा का? संकरण एसपी३ आहे म्हणून. विद्यार्थ्याला दोन्ही उत्तरांचे गुण मिळतात, पण नवा रेणू समोर ठेवला तर त्याचा आकार आधी सांगता येत नाही. 

ही उणीव भरून काढणारी कल्पना आधी जपानमध्ये आली. १९३९ मध्ये र्‍युतारो त्सुचिदाने मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्यांची संख्या आणि रेणूचा आकार यांचा संबंध मांडला. पण तो जपानी भाषेत होता. वर्षभराने ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी, त्सुचिदाच्या कामाशी संबंध नसताना, हाच संबंध रॉयल सोसायटीच्या बेकेरियन व्याख्यानात मांडला. तोवर क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन विवर्तनाने बऱ्याच रेणूंच्या रचना हाती आल्या होत्या. त्यांनी त्या एकत्र लावून पाहिल्या. बंधातल्या आणि बंधात नसलेल्या, म्हणजे एकाकी, अशा सगळ्या जोड्या एकत्र मोजा, की आकार मिळतो. एनसीईआरटीच्या त्या वाक्यात सिजविक-पॉवेल आहेत, त्सुचिदा नाही. वान्ट हॉफची पुस्तिकाही आधी डचमध्येच होती, पण ती वर्षभरात फ्रेंचमध्ये आली. संदर्भ साहित्याचा आढावा घेताना कोणत्या भाषेतलं काम आपल्या नजरेतून सुटतंय, हा प्रश्न मराठीत विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये.

१९५७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये शिकवणाऱ्या रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी यात निर्णायक भर घातली. सगळ्या जोड्या एकमेकींना सारख्याच ढकलत नाहीत. एकाकी जोडी एकाच केंद्रकाच्या ताब्यात असते, म्हणून जास्त जागा व्यापते. बंधातली जोडी दोन केंद्रकांमध्ये ताणलेली, म्हणून कमी. मिथेनमध्ये एकाकी जोडी नाही, कोन १०९.५. अमोनियात एक आहे, कोन १०७ च्या आसपास. पाण्यात दोन आहेत, कोन १०४.५. आणि ही ‘ढकलाढकल’ फक्त समान विद्युतभारांची नाही, तर पाउलीच्या अपवर्जन तत्त्वाचा त्यात मोठा वाटा आहे, हे त्यांनी स्पष्ट केलं. वर्गात चार फुगे एकत्र बांधून चतुष्फलक दाखवतात, तेव्हा नेमकी ही ‘जागा व्यापण्याची’ कल्पनाच दाखवलेली असते.

१९५८ मध्ये गिलेस्पी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात गेला. १९६३ मध्ये त्याने हा विचार रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी असलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात मांडला, आणि ‘व्हीएसईपीआर’ हे नाव वर्गात रूढ झालं. नायहोमही शालेय रसायनशिक्षण सुधारण्याच्या कामात उतरला होता. शिकवण्याचं काम आणि संशोधनाचं काम इथे एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही.

नियमाची परीक्षा

नियम चांगला की नाही हे कसं ठरवायचं? आधी माहीत असलेले आकार त्याने समजावले, हे पुरेसं नाही. मापन होण्याआधी तो काही बोलतो का, आणि चूक ठरण्याचा धोका पत्करतो का, हे बघायचं.

तशी संधी लगेच आली. १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग बनवलं. ‘निष्क्रिय’ वायू निष्क्रिय नव्हते! पाठोपाठ झेनॉनची फ्लोराइडं आली. झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये चार बंध आणि दोन एकाकी जोड्या, म्हणजे एकूण सहा. एकाकी जोड्या समोरासमोर बसणार, म्हणून रेणू सपाट चौरस. तसाच निघाला. खरी कसोटी झेनॉन हेक्झाफ्लोराइडची होती. सहा बंध, एक एकाकी जोडी, एकूण सात. सहा फ्लोरीन पाहून कोणीही नियमित अष्टफलक म्हणेल, आणि काही सैद्धांतिक गणितंही तसंच सांगत होती. गिलेस्पी म्हणाला, नाही, सातवी जोडी जागा मागणार, रेणू वेडावाकडा असणार. १९६८ मध्ये बार्टेल आणि गॅव्हिन यांनी वायुरूपात इलेक्ट्रॉन विवर्तनाने तपासलं. रेणू नियमित अष्टफलक नव्हता.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. टेल्युरियमभोवती सहा क्लोरीन असलेल्या ऋण आयनातही सातच जोड्या आहेत, आणि तो मात्र नियमित अष्टफलक आहे. हायड्रोजन सल्फाइडमध्ये पाण्याइतक्याच जोड्या आहेत, पण कोन ९२ अंशांच्या आसपास. संक्रमण धातूंच्या संयुगांत हा नियम बहुतेक वेळा हात टेकतो. म्हणजे नियमाला हद्द आहे. ती हद्द गिलेस्पीने लपवली नाही. पुढची अनेक दशकं तो तिच्यावरच काम करत राहिला, आणि त्याच विद्यापीठातल्या बेडरबरोबर इलेक्ट्रॉन घनतेच्या अभ्यासातून नियमाला भौतिक पाया आहे का, हे तपासत राहिला.

मग आपण काय घ्यायचं?

आरआरसीसमोर किंवा पीएचडीच्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधन प्रश्न काय?’ असं विचारलं की अनेक जण विषय सांगतात. विषय आणि प्रश्न वेगळे असतात. ‘रेणूंचा आकार’ हा विषय झाला. ‘कार्बनचे चार बंध एकाच पातळीत असते तर किती समघटक मिळायला हवे होते, आणि किती मिळतात?’ हा प्रश्न झाला. पहिल्याला अंत नाही. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, म्हणूनच तो प्रश्न आहे.

तुमच्या विषयातला कोणताही एक पाठ केलेला नियम घ्या. अर्थशास्त्रातला असो, भाषाशास्त्रातला असो की वनस्पतिशास्त्रातला. त्याला तीन गोष्टी विचारा. हा नियम आला तेव्हा समोर कोणता पर्याय होता, ज्याला हरवून तो आला? त्याच्या बाजूचा पुरावा ‘सापडलं’ या जातीचा आहे, की ‘सापडलं नाही’ या जातीचा? आणि कोणतं निरीक्षण समोर आलं, तर तो सोडून द्यावा लागेल? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो नियम तुम्हाला खरंच येतो. एखाद्याचं मिळालं नाही, तर कदाचित तिथेच तुमचा संशोधन प्रश्न दडलेला आहे.

आणि तुमच्यातले जे उद्या अकरावीच्या वर्गावर उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी एक सुचवणं. तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी एक तास मुलांच्या हातात कणीक आणि काड्या द्या. डायक्लोरोमिथेन एकच मिळतो, एवढी एकच माहिती सांगा आणि आकार त्यांना काढू द्या. १०९.५ हा आकडा दुसऱ्या तासाला सांगितला तरी चालेल.